चार पायांची काठी, दोन मीटर नवार आणि आमचे मामा

आधी तक्रार सांगून टाकते, म्हणजे पुढे कौतुक केलं तर कुणाला जाहिरात वाटायला नको. या सर्जिकल दुकानात व्हीलचेअर मिळते, वॉकर मिळतो, नाना तऱ्हेच्या काठ्या मिळतात, आणि आत शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. फरशीच्या, गुळगुळीत, धरायला कठडा नाही. पावसाळ्यात त्यावर एक पोतं टाकलेलं असतं, त्यावरून तर धडधाकट माणूसही घसरेल. ज्याला काठीची गरज, त्यालाच काठी घ्यायला वर जाता येत नाही. पाचातला एक तारा मी इथंच कापला.

दुकान इचलकरंजीत आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नाव कशाला घालताय, आत्ताच फोन उचलायला सवड नाही." त्या पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळं सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. मीही तेच म्हणते.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मामांच्या अंगावरून वारं गेलं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामा वहिफणीचे कामगार. ज्यांनी माग बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: नवं बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला मोठा रूळ, मागावर चढवायच्या आधी त्यातली एकेक तार (सुताचा धागा) वहीच्या, म्हणजे तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग कंगव्यासारख्या फणीच्या घरातून ओढून घ्यावी लागते. दोघं समोरासमोर बसतात. एक जण मागून तार देतो, दुसरा हुकानं ओढतो. एका बीमात चार-पाच हजार तारा. एक चुकली तरी कापडावर रेघ उमटते आणि व्यापारी तागा परत पाठवतो. हे काम मामांनी ४१ वर्षं उजव्या हातानं केलं, आणि वारं गेलं ते उजव्याच अंगावरून.

रात्री दहाला झोपले तेव्हा चांगले होते. पहाटे साडेपाचला चहाचा कप हातातून निसटला. बघितलं तर तोंड डावीकडं ओढलेलं. काय होतंय विचारलं तर म्हणाले, "उद्या." पाणी देऊ का? "उद्या." एवढा एकच शब्द उरला होता. पाच मिनिटांत घर माणसांनी भरलं. एक काकू म्हणाल्या, कोमट तेलानं चोळा. एक गृहस्थ कबुतर आणायला निघालेसुद्धा. ताजं रक्त अंगाला चोळलं की वारं उतरतं म्हणे. समोरच्या गल्लीतला नर्सिंग शिकणारा पोरगा आला, त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि १०८ ला फोन लावला. कोल्हापूरला पोचल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, शेवटचं चांगलं कधी बघितलं? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. झोपेत कधी काय झालं हे कुणाला ठाऊक? ते इंजेक्शन मिळालं नाही. डाव्या मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली होती. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, आणि बहुतेकांची बोली पण तिथंच असते. नंतर घरी कपाटात बीपीच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. "आता बरं वाटतंय" म्हणून मामांनी दोन महिने आधीच गोळी सोडली होती. त्यावर जास्त लिहीत नाही, आत्या वाचतात.

अकराव्या दिवशी घरी सोडताना एक चिठ्ठी मिळाली: एअर बेड, व्हीलचेअर, कमोड चेअर. ती घेऊन मी पहिल्यांदा त्या तीन पायऱ्या चढले. मला वाटलं होतं, चिठ्ठी दाखवायची, पैसे मोजायचे, टेंपोत घालून आणायचं. सिस्टरनी चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "संडासचं दार किती रुंद हाय?"

कुणाला माहीत असतं हो आपल्या संडासच्या दाराची रुंदी? मी घरी शिलाई करते, मेजरटेप पर्समध्येच असते, पण दार काही पर्समध्ये नव्हतं. परत घरी पाठवलं मला. दार भरलं २२ इंच. दुकानातली चाकांची कमोड खुर्ची २३ इंच. पैसे भरून, टेंपो करून, घरी आणल्यावर ते कळलं असतं. मग त्यांनी बिनचाकांचं, बिनहाताचं कमोडचं स्टूल दिलं, १,६५० रुपयांना. आपल्या देशी भांड्यावर ते सरळ ठेवता येतं आणि पायांची उंची कमी-जास्त करता येते. आज १४ महिने झाले, त्याच्या पायांचे रबर सोडले तर काही बदललेलं नाही. भिंतीला एक दांडी मात्र मारून घ्या, चांगल्या हाताला येईल अशी, आमच्याकडं डाव्या. ते सिस्टरनीच सांगितलं, दांडी हार्डवेअरवाल्याकडून आणली.

एअर बेड भाड्यानं घेतला, महिन्याला ६०० आणि अनामत २,०००. छोटा पंप असतो, तो गादीतले कप्पे आलटून पालटून फुगवतो, त्यामुळं एकाच जागी दाब राहत नाही. चालतो छान. पण लाईट गेली की हळूहळू बसतो, आणि खरी गोष्ट अशी की गादी असली तरी माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावंच लागतं. हे सिस्टरनी तीनदा बजावलं, "गादी आणली म्हणून झोपू नका."

दोन तासांनी वळवायचं म्हणजे रात्रीचे बारा, दोन, चार. आत्यांचे गुडघे गेलेले, हे रात्रपाळीला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, घरात मी आणि सातवीतली पोरगी. इथं आमची गल्ली कामाला आली. मागांची गल्ली आहे, रात्री कुणी ना कुणी जागं असतंच. बारा वाजता पाळी सुटलेला एक जण जाता जाता आत यायचा. दोनला शेजारच्या कारखान्यातले दोघं चहाला बाहेर पडायचे ते आधी आमच्याकडं यायचे, चपला काढायचे, हात धुवायचे, "मामा, कूस बदला" म्हणायचे आणि मागून उशी लावून जायचे. चारचं मी बघायची. पाच आठवडे असं चाललं, पाठीवर साधी लाल खूण उठली नाही. गादीला मी पाचपैकी तीन देईन. उरलेले दोन त्या चहावाल्यांचे.

पण याच मदतीत एक घोटाळाही झाला. उठवताना सगळेच बगलेत हात घालून उचलायचे, जसं आपण कुणालाही उचलतो. तिसऱ्या आठवड्यात मामांचा उजवा खांदा इतका दुखायला लागला की हात लावू देईनात. फिजिओथेरपीच्या मॅडम बघून म्हणाल्या, खांद्याचे स्नायू ढिले पडलेत, सांधा खाली उतरलाय, हा हात ओढायचा नाही आणि बगलेतून उचलायचं नाही. मी तशीच दुकानात गेले आणि पेशंटला धरायचा पट्टा मागितला. सिस्टरकडं होता, १,१०० चा, काचेत टांगलेला. त्यांनी तो काढलाच नाही. म्हणाल्या, "तुमी शिलाई करता नव्हं? दोन मीटर नवार घ्या, दुहेरी शिवा, दोन्ही बाजूला धरायला मुठी ठेवा, पुढं बॅगेचं बक्कल लावा. कमरेला बांधायचं, छातीला नाही." नवार, बक्कल, दोरा मिळून १४० रुपये लागले. तो पट्टा आजही मामांच्या खुंटीला आहे. त्यानंतर मी असे सहा पट्टे शिवलेत. सिस्टर आता गिऱ्हाईक माझ्याकडं पाठवतात आणि मी त्यांच्याकडं. हे सांगितलेलं बरं, नाहीतर म्हणाल संधान बांधलंय.

खांद्याची झोळी मात्र त्यांच्याकडून घेतली, २५० ला. उभं राहताना आणि चालताना घालायची, दिवसभर नाही. दिवसभर घातली तर हात तसाच पोटाशी आखडतो. दुकानातल्या डब्यावर हे कुठंही लिहिलेलं नाही, मॅडमनी सांगितलं म्हणून कळलं. सिस्टरनी एवढी एक गोष्ट सांगितली नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं.

आता काठी. ही खरं तर माझ्या दिरांनी पुण्याहून आधीच मागवली होती, ऑनलाइन, ८९९ ला. चार पायांची, चकचकीत. मामा उठून उभे राहायला लागले तशी ती त्यांच्या डाव्या हातात दिली आणि पहिल्याच दिवशी ते तिच्यात अडखळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मामांनी ती काठी भिरकावली आणि आई-बहिणीवरून अशी सणसणीत शिवी हासडली की आत्या पदर तोंडाला लावून आत पळाल्या. दीड महिना "उद्या" सोडून काही न बोललेला माणूस! पाच शब्दांची अख्खी, स्वच्छ शिवी! आम्हाला वाटलं वाचा आली. पुन्हा बोला म्हटलं तर, "उद्या." पुढे स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावलं की शिव्या, आकडे, पाढे, देवाचं नाव, असं तोंडात बसलेलं बोलणं विचार करून बोलायच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं येतं, ते पुष्कळदा शाबूत राहतं.

मी मामांच्या चालण्याचा व्हिडिओ सिस्टरना दाखवला. दोन सेकंदांत म्हणाल्या, "काठी उलटी हाय." चार पायांच्या काठीचे दोन पाय बाहेर पसरलेले असतात आणि दोन आत सरळ असतात. पसरलेले पाय अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला यायला पाहिजेत. आमची उजव्या हाताची जुळवणी होती, डाव्या हातात घेतली की पसरलेले पाय मामांच्या पायातच येत होते. खटका दाबून दांडा अर्धा वळसा फिरवला की झालं. ऑनलाइनच्या खोक्यात कागदाची घडी होती, त्यावर चिनीसारखं काहीतरी आणि एक चित्र. उंचीपण चुकली होती. हात सरळ खाली सोडला की मूठ मनगटाच्या रेघेशी यायला पाहिजे, मग धरल्यावर कोपर जरासं वाकतं. आमची तीन भोकं वर होती, मामा खांदा उचलून चालत होते. सिस्टर दुकान पोराच्या हवाली करून संध्याकाळी घरी आल्या, काठी खाली घेतली, आणि याचे पैसे घेतले नाहीत. काठी त्यांच्या दुकानातली नव्हती, हे लक्षात घ्या.

"काठी, उजवा, डावा." हे आमच्या घराचं भजन झालं. काठी पुढं, मग लुळा पाय, मग चांगला पाय. माझी पोरगी शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, "काठी, उजवा, डावा!" आणि मामा ताल धरायचे. जिन्यावर ही काठी निकामी आहे, तेही सांगून ठेवते. चारी पाय अरुंद पायरीवर बसत नाहीत, डुगडुगते. जिन्याला कठडाच पाहिजे. आणि चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी.

पायाच्या स्प्लिंटबद्दल मी तितकी खूश नाही. मामांचा उजवा पंजा उचलला जायचा नाही, बोटं जमिनीवर घासायची. त्यासाठी पोटरीमागून तळव्याखाली येणारा प्लास्टिकचा साचा असतो, त्याला एएफओ म्हणतात. सिस्टरकडं तयार मापाचे आहेत, मधलं, मोठं, असे. १,४०० दिले. आठ दिवसांत घोट्याच्या हाडावर फोड आला. परत घ्यायला गेले तर वापरलेला परत घेत नाही म्हणाल्या. नियम आहे, मान्य, पण माप त्यांनीच घेतलं होतं ना? दहा मिनिटं आमची चांगलीच वाजली. शेवटी कोल्हापूरला साचे बनवणाऱ्या माणसाकडं गेलो, त्यानं तोच साचा गरम हवेनं मऊ करून घोट्याजवळ बाहेर फुगवला, २०० रुपयांत. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवशी वीस मिनिटंच घाला, काढून बघा, लाल डाग थोड्या वेळात जात नसेल तर माप चुकलंय. आत लांब पायमोजा घाला. आणि त्यावर चप्पल चालत नाही. मामा जन्मभर कोल्हापुरी चपलेत चालले, करकर वाजणाऱ्या. आता मागून पट्ट्याची सँडल घालतात, उजवी एक नंबर मोठी, म्हणजे दोन जोड घ्यावे लागतात. ती चप्पल त्यांनी टाकू दिलेली नाही. दाराशीच आहे, रोज सकाळी काठीनं सरळ करून ठेवतात.

हाताची गोष्ट वेगळी. दिरांनी (त्यांचा जीव तळमळतो, लांब राहतात म्हणून वस्तू पाठवत राहतात) हवा भरणारा हातमोजा पाठवला, रोबोटवाला, ४,८०० चा. हवा भरली की बोटं उघडतात, सोडली की मिटतात. मामा तो घालून टीव्ही बघायचे. हात उघडमीट करत होता आणि मामा बातम्या. बोटांचा ताठपणा त्यानं थोडा सैल पडतो हे खरं, पण हात शिकत काही नव्हता. असाच मोजा मी आधी सिस्टरकडं मागितला होता तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "इकत नाही मी ते. हातानं काय काम करायचे ते त्यांना द्या."

काय काम करायचे ते सांगितलं मामांच्या जोडीदारानं. पंचवीस वर्षं समोर बसून तारा देणारा माणूस. दवाखान्यात आले तेव्हा नुसते बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीनंतर एका संध्याकाळी सायकलला बांधून एक मोडकी फणी, वहीचा वीतभर तुकडा आणि हुक घेऊन आले. खाटेच्या दोन खुरांना ते बांधलं. तारा म्हणून कारखान्यातलं जाड सूत, लाल आणि पांढरं, आंधळ्यालाही दिसेल असं. मामांच्या उजव्या मुठीत हुक बसवला, वरून स्वतःचा हात धरला आणि म्हणाले, "चल, बीम आलंय."

पहिल्या दिवशी एकही तार निघाली नाही. मामा रडले. वारं गेल्यावर रडू-हसू आवरत नाही, तो मेंदूचा भाग असतो असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण हे रडणं त्यातलं नव्हतं, ते सगळ्यांना कळलं. जोडीदार दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. फिजिओच्या मॅडमना मी भीत भीत दाखवलं, त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या आणि त्यांनी सूत मामांच्या छातीच्या उंचीवर आणून बांधलं, कोपराखाली उशी दिली, म्हणाल्या, माझ्या चेंडूपेक्षा हेच चांगलं, जे काम परत करायचंय तेच पुन्हा पुन्हा करायचं. त्या स्कूटीवरून येतात, ३५० घेतात, पाऊण तास मोजून. त्यांनी आरशाचा व्यायामही शिकवला. उजवा हात आरशामागं लपवायचा, डावा हलवायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे उजवाच हलतोय असं वाटतं. त्याची तयार पेटी ९०० ला मिळते. आमच्या कपाटाचा जुना आरसा होता.

मार्गशीर्षात मामांनी पहिली तार ओढली. हुक वहीच्या डोळ्यातून गेला, सुतात अडकला आणि मागं आला. फणीत काही गेली नाही, वहीतूनच निघाली. जोडीदारांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, मामांकडं बघितलं आणि परत ठेवून दिली. मामांना तंबाखू बंद आहे, आणि एकट्यानं खायची त्यांना लाज वाटली असणार. आता १४ महिन्यांनी मामा तासाला आठ-दहा तारा ओढतात. कामावर असताना किती ओढायचे ते विचारू नका. अंगठा अजून नीट मिटत नाही, शर्टाची बटणं मी लावते. शर्ट घालताना आधी लुळा हात, काढताना शेवटी लुळा हात, हेही शिकावं लागतं.

बोलण्याचं काम स्पीच थेरपीच्या मॅडमनी आणि भजनी मंडळानं मिळून केलं. मॅडमकडं पंधरा दिवसांनी कोल्हापूरला जावं लागायचं. त्यांनी विचारलं, गातात का? मामा मंडळात टाळ धरायचे. मग गुरुवारी मंडळच आमच्या सोप्यात बसायला लागलं. टाळ डाव्या हातात आणि उजव्या मांडीला पट्टा बांधून दुसरा टाळ. पहिल्या गुरुवारी मामा नुसते बघत होते. तिसऱ्या गुरुवारी ध्रुपदावर त्यांचा आवाज आला. शब्द पूर्ण, सुरात, चूक नाही. मृदंगवाल्यांचा ठेका चुकला तेवढा. आणि गाणं संपल्यावर आत्यांनी विचारलं, चहा? "उद्या." सगळे हसले, मामाही हसले. मॅडम म्हणाल्या, चालीवरच बोलवा. मग "चहा पाहिजे" हेसुद्धा आम्ही मांडीवर ताल देऊन म्हणायला लागलो. तीन महिन्यांनी "चहा" आला. नंतर "नको". नंतर माझं नाव, पण आधी दोन आठवडे मला ते नणंदेच्या नावानं हाक मारत होते.

चहावरून आठवलं. सुरुवातीला पाण्याचा फार ठसका लागायचा. आपल्याला वाटतं पाणी सगळ्यात सोपं, पण गिळायला पातळच अवघड. नाचणीची दाटसर पेज, पिठलं, कालवलेला मऊ भात जायचा. सिस्टरकडं पाणी दाट करायची पावडर मिळते, डबा ८५० चा. घेतला एक. काम करते, पण चव खळीसारखी लागते, मामा थुंकायचे. (मागवाल्याला खळ खायला घातली तर थुंकणारच.) पांढरा रस्सा पुन्हा प्यायला सहा महिने लागले, तोही बसून, हनुवटी खाली करून, चमच्यानं.

मध्ये मावससासूबाईंनी राजस्थानातल्या बुटाटीचं काढलं. तिथल्या देवस्थानात सात दिवस राहून फेऱ्या घातल्या की लकवा बरा होतो म्हणे, आपल्याकडूनही लोक जातात. आत्यांचं मन होतं. मी म्हटलं, आत्या, फेऱ्या घालायला चालता यायला पाहिजे, आधी गल्लीच्या फेऱ्या होऊ देत. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून मामांच्या बाजूनं पट्टा धरून स्वतः चालायला लागल्या. त्यांचे गुडघेही आता बरे आहेत.

व्हीलचेअर सात महिने भाड्यानं होती, महिना ५००. परत करताना पावठ्याचा एक स्क्रू नाही म्हणून अनामतीतून २०० कापले. स्क्रू आधीच नव्हता असं माझं म्हणणं आहे. भाड्यानं काही घेताना फोटो काढून ठेवा. आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेही मागून घ्या.

गेल्या आठवड्यात काठीच्या रबरी टोप्या झिजल्या म्हणून बदलायच्या होत्या. मी निघाले तर मामा सँडल घालून दारात उभे. घरापासून दुकान साडेचारशे पावलं, माझी. मामांची किती झाली ते मोजलं नाही, पाऊण तास लागला, वाटेत दोनदा बसलो, एकदा कापडाच्या गाडीवर. पायऱ्यांशी पोचल्यावर ते थांबले. मी म्हटलं, खालीच थांबा, मी घेऊन येते. मान हलवली. काठी माझ्याकडं दिली, डाव्या हातानं शटरची पट्टी धरली. डावा पाय वर, मग उजवा. पट्ट्याची मूठ माझ्या हातात होती, पण मी ओढलं नाही. दुसरी. तिसऱ्या पायरीवर उजवा पंजा अडकला, त्यांनी तो मागं घेतला आणि परत टाकला. सिस्टर आतून बघत होत्या, उठल्या नाहीत.

टोप्या काढून त्यांनी टेबलावर उलट्या मांडल्या. बाहेरच्या दोन जास्त झिजल्या होत्या. "अजून डावीकडं लई रेलताय, मामा." मामांनी बोटानं किंमत विचारली. चाळीसला एक, चार टोप्यांचे एकशे साठ. मामांनी ओठ जुळवले, मांडीवर एकदा ताल दिला.

"दीडशे."

सिस्टरनी दीडशे घेतले.

दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. टोपी आणायला जाताना जुनी सोबत न्या, १६ आणि १९ मिलिमीटरची दिसायला सारखीच असते. कठडा पुढच्या महिन्यात बसवते असं सिस्टर म्हणाल्यात. बसवला की तारा परत देईन.